दुर्गम बेटांकडे निघताना : शिडाच्या बोटीवरची चार महिन्यांची बेगमी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : बारा मीटर लांबीची शिडाची बोट, दोन माणसे, पनामाहून निघून गालापागोसमार्गे प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाची मार्केसास बेटे आणि पुढे तिथलीच तुआमोतूची प्रवाळबेटे, असा एकूण चार महिन्यांचा बेत. बोटीवर छोटा फ्रीझर आहे आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्रही आहे. अशा वेळी कोणता शिधा किती भरावा, आणि फ्रीज-ड्राय (गोठवून वाळवलेल्या) जेवणाची पाकिटे घेऊन हा सगळा प्रश्न एकदाच निकालात काढता येईल का, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो : नाही. ती पाकिटे हलकी असतात, वर्षानुवर्षे टिकतात आणि खवळलेल्या समुद्रात नुसते गरम पाणी ओतून जेवण तयार होते, म्हणून दहा-बारा पाकिटे जरूर ठेवावीत. पण चार महिने रोज तेच खाणे खिशालाही परवडत नाही आणि जिभेलाही. लांबच्या सफरीत सहसा अन्न कमी पडत नाही. जे उरते ते खावेसे वाटत नाही, हीच खरी अडचण असते. म्हणून आपण घरी जे खाता त्याचीच टिकाऊ रूपे शोधावीत, आणि किती भरले यापेक्षा कोणत्या आठवड्यात काय संपवायचे याचा क्रम आधी ठरवावा. यादी त्या क्रमातून आपोआप तयार होते.

प्रमाणाचा हिशेब मात्र कोरडेपणाने करावा. बोटीवर काम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 2,500 कॅलरी लागतात असे धरा. थंड प्रदेशात किंवा सतत अंगमेहनत असल्यास त्याहून अधिक. तांदूळ, पीठ, पास्ता, ओट्स असे धान्य मिळून 350 ग्रॅम, डाळी व कडधान्ये 80 ग्रॅम, तेल किंवा अन्य स्निग्ध पदार्थ 50 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, सुका मेवा 50 ग्रॅम आणि दुधाची भुकटी 30 ग्रॅम, एवढे एका माणसाच्या एका दिवसाचे प्रमाण धरले तर एकूण 600 ग्रॅम होतात आणि त्यातून जवळपास तितक्याच कॅलरी मिळतात. दोन माणसे आणि 120 दिवस म्हणजे 144 किलो. त्यातले 84 किलो धान्य, 19 किलोच्या आसपास कडधान्ये आणि 12 किलो स्निग्ध पदार्थ. डबाबंद पदार्थ, ताजा भाजीपाला आणि अंडी यांना या हिशेबात धरलेलेच नाही. ते चव, प्रथिने आणि जीवनसत्त्वे यांसाठी वर घ्यायचे आणि तीच आपली राखीव शिदोरीही होते. गालापागोस ते मार्केसास हे अंतर सुमारे 3,000 सागरी मैल आहे. आपल्या आकाराची बोट दिवसाला 120 ते 140 मैल कापते असे धरले तर तीन ते साडेतीन आठवडे लागतात. वारा पडला किंवा डोलकाठीला काही झाले तर हेच अंतर दीडपट वेळ घेऊ शकते, म्हणून सलग समुद्रात राहण्याच्या प्रत्येक टप्प्यासाठी दिवसांच्या दीडपट शिधा ठेवण्याची रीत आहे आणि ती पाळावी.

हे आकडे पोटाचे झाले. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी एक पूर्ण महिना घरात फक्त टिकाऊ पदार्थांवर स्वयंपाक करून पाहा आणि तेल, साखर, चहा-कॉफी, मसाले, टोमॅटोचे डबे, गॅस असे सारे किती लागले ते लिहून ठेवा. कोणत्याही छापील यादीपेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते. मसाले, लोणची, चॉकलेट आणि चांगली कॉफी यांना वजन नगण्य असते. त्यांत काटकसर करणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात पस्तावतो.

आता टिकण्याविषयी. पाकिटावरची तारीख थंड, कोरड्या फडताळासाठी लिहिलेली असते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की अन्नाचा दर्जा घसरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. उष्ण कटिबंधातील बोटीत डेकलगतच्या कपाटात दुपारी 35 अंशांच्या वर पारा सहज जातो, इंजिनाच्या भिंतीला लागून असलेल्या खणात तर त्याहून अधिक. याउलट जलरेषेखालचे, बोटीच्या कायेला टेकलेले खण समुद्राच्या पाण्याच्या तापमानाजवळ राहतात. आपल्या मार्गावर गालापागोसच्या आसपास हे पाणी बरेच थंड असते आणि पुढे पश्चिमेला 27-28 अंशांपर्यंत जाते. दक्षिण अमेरिकेच्या थंड दक्षिण टोकाला, पॅटागोनियाच्या खाड्यांत हिंडणाऱ्यांना हेच खण फ्रिजसारखे वापरता येतात. आपल्याला तेवढी चैन नाही, पण दुधाची भुकटी, सुका मेवा, चॉकलेट, यीस्ट आणि तेल यांची जागा तिथेच, तळाशी. डबे आणि साखर वरच्या खणात गेली तरी चालेल, फक्त वजनदार माल बोटीच्या मध्यभागी आणि खाली राहील आणि दोन्ही टोके हलकी राहतील हे पाहावे. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, खणात डब्यांची रास रचली की बोट लाटेत नाक खुपसू लागते.

धान्याचा मोठा शत्रू ओलावा आणि त्याच्या पाठोपाठ कीड. दुकानातून आणलेल्या पिठात आणि तांदळात किडीची अंडी बहुधा आधीपासूनच असतात. ती बाहेरून येतात असा समज असल्यामुळे लोक घट्ट झाकणाच्या डब्यांवर विसंबतात आणि सहा आठवड्यांनी डबा उघडला की आत पोरकिडे फिरत असतात. तमालपत्र घालण्याच्या उपायावर माझा विश्वास नाही. खात्रीचे उपाय दोनच. पहिला, धान्य पिशव्यांत बांधून उणे 18 अंशांवर किमान चार दिवस ठेवायचे; बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ थंड दाण्यांवर जमते आणि केलेले सगळे वाया जाते. दुसरा, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशवीत धान्य भरून आत योग्य क्षमतेची पुडी टाकली आणि तोंड उष्णतेने बंद केले की उरलेल्या हवेत कीड जगत नाही आणि खवटपणाही लांबतो. थंड पेयांच्या स्वच्छ, पूर्ण कोरड्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही या कामाला चांगल्या. त्या एकेक करून उघडता येतात आणि पाण्यात भिजल्या तरी बिघडत नाहीत. या पुड्या फक्त कोरड्या पदार्थांसाठीच आहेत, म्हणजे ज्यांत पाण्याचा अंश दहा टक्क्यांपेक्षा कमी आहे अशांसाठी. अर्धवट वाळलेल्या फळांच्या किंवा मांसाच्या पिशवीत ऑक्सिजन नाहीसा केला तर बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना हवे तेच वातावरण आपण तयार करून देतो. साखर आणि बेकिंग पावडर यांतही पुडी टाकू नये. साखरेचा दगड होतो आणि बेकिंग पावडर निकामी होते.

धान्याची निवड करताना त्यातले तेल लक्षात ठेवावे. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ कोरडा राहिला तर वर्षानुवर्षे टिकतो, पण हातसडीचा तांदूळ आणि कोंड्यासकट दळलेले पीठ उष्ण हवेत काही महिन्यांतच खवट होते. कोंडायुक्त पिठाची आवड असेल तर अखंड गहू आणि हाताने फिरवायची छोटी गिरणी न्यावी. कडधान्ये खवट होत नाहीत, पण दमट उष्णतेत जुनी झाली की कितीही भिजवली तरी शिजत नाहीत, आणि गॅस मात्र जळत राहतो. म्हणून सोललेल्या, फुटलेल्या डाळी जास्त घ्याव्यात आणि राजमा-चवळीसारखी मोठी कडधान्ये कमी. ती सफरीच्या पहिल्या अर्ध्या भागात संपवावीत. प्रेशर कुकर दोन माणसांच्या बोटीवरही अनिवार्यच समजावा. वाफ दाबाखाली आली की गॅस बंद करून कुकर टॉवेलात गुंडाळून ठेवला तर भात आणि डाळी आतल्या उष्णतेवरच बऱ्याचशा शिजतात. राजमा मात्र असा अर्धवट उष्णतेवर ठेवू नये, तो किमान दहा मिनिटे खळखळून उकळायलाच हवा. कच्च्या राजम्यातले विष कमी आचेवर नष्ट होत नाही.

ताज्या भाजीपाल्याबद्दल लोकांच्या अपेक्षा फार कमी असतात, आणि नेमकी इथेच थोडी काळजी घेतली तर खूप फरक पडतो. खरेदी करताना एकच प्रश्न विचारावा : हा माल कधी शीतगृहात होता का? एकदा थंड करून पुन्हा उष्णतेत आलेली भाजी, कितीही टवटवीत दिसली तरी, आठवड्यात मान टाकते. शक्य तितकी खरेदी थेट शेतमालाच्या बाजारातून, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी, सकाळी लवकर करावी. लाल भोपळा देठासकट आणि न ओरखडलेला घेतला तर दोन-तीन महिने सहज राहतो. घट्ट गड्ड्याचा कोबी चार ते सहा आठवडे टिकतो, पण त्याला सुरी लावू नये. बाहेरून एकेक पान हाताने सोलून काढावे, कारण कापलेल्या कडेपासूनच तो काळा पडून सडू लागतो. कांदे पूर्ण वाळलेले, मान घट्ट मिटलेली असावेत. बटाटे मातीसकट आणावेत, अंधारात पण हवेशीर ठेवावेत, आणि कांद्यांपासून दूर. हिरवे पडलेले बटाटे फेकून द्यावेत. टोमॅटो हिरवे घेऊन एकेक कागदात गुंडाळावेत आणि ज्याला रंग चढेल तो पुढे आणावा. लिंबे आणि संत्री एकमेकांना न टेकतील अशी, हवा खेळती राहील अशा जागी ठेवावीत. सफरचंदे आणि पिकणारी केळी इथिलीन वायू सोडतात आणि शेजारच्या भाज्यांना लवकर पिकवतात, तेव्हा त्यांचा खण वेगळा.

जाळीच्या झोळ्या छायाचित्रात छान दिसतात, परंतु लाटांवर त्या झुलून भिंतीवर आपटतात आणि मार लागलेले फळ दोन दिवसांत सडते. मी उथळ, जाळीदार प्लॅस्टिकचे क्रेट आणि प्रत्येक थरामध्ये जुना टॉवेल हेच पसंत करतो. मग दररोज एकदा, शक्यतो सकाळी, सगळा माल हाताखालून घालायचा : मऊ ठिपका लागला ते त्याच दिवशी शिजवायचे, ओलसर झाले ते पुसून वाऱ्याला ठेवायचे. दहा मिनिटांचे हे काम चुकले की एका सडक्या बटाट्याची दुर्गंधी बोटभर पसरते. पुठ्ठ्याची खोकी मात्र धक्क्यावरच सोडून यावीत. त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात आणि बोटीत एकदा शिरलेले झुरळ बाहेर काढणे फार अवघड असते.

अंडी न धुतलेली आणि कधीही न गारठवलेली मिळाली तर उष्ण हवेतही चार-पाच आठवडे चालतात. त्यांवर व्हॅसलीन किंवा खनिज तेलाचा पातळ हात फिरवल्यास कवचाची छिद्रे बुजतात. खोकी दर दोन-तीन दिवसांनी उलटी करावीत म्हणजे बलक एका बाजूला चिकटत नाही. पाण्यात टाकून पाहण्याच्या परीक्षेने अंड्याचे वय कळते, ते निर्धोक आहे की नाही हे कळत नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे आणि पूर्ण शिजवूनच खावे.

क जीवनसत्त्वाची आठवण जुन्या खलाशांच्या कहाण्यांपुरती ठेवू नये. ब्रिटिश नौदलातील वैद्य जेम्स लिंड यांनी 1747 मध्ये सॅलिसबरी या युद्धनौकेवर स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाच्या, बारा रुग्णांवर निरनिराळे उपाय करून पाहिले आणि संत्री-लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने बरे झाले. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास द्यायला 1795 उजाडले. स्कर्व्ही टाळायला दिवसाला 10 मिलिग्रॅमइतके अल्प प्रमाणही पुरते, तेव्हा चार महिन्यांच्या सफरीत त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण ताजे संपल्यानंतर येणारी मरगळ टाळायची तर काहीतरी हिरवे ताटात हवे. मूग आणि मसूर यांना मोड आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रात्रभर भिजवून फडक्यात बांधावेत, दिवसातून दोनदा गोड्या पाण्याने धुवावेत. उष्ण हवेत दोन दिवसांत मोड येतात. ते वाफवून खाणे चांगले, कारण त्याच ऊबदार ओलाव्यात जिवाणूही वाढतात. सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या घट्ट बाटलीत ठेवाव्यात.

डबाबंद पदार्थांपैकी टोमॅटो, अननस अशी आंबट फळे दीड वर्षाच्या आत संपवावीत. मांस, मासे, कडधान्ये यांचे डबे दोन ते पाच वर्षे चांगले राहतात. डबे तळाच्या खणात ठेवायचे असतील तर कागदी लेबले काढून झाकणावर न पुसणाऱ्या शाईने नाव आणि तारीख लिहावी. लेबले भिजून सुटली की त्यांचा लगदा बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) जाळीत अडकतो, आणि पंप बंद पडण्याची वेळ ही नेमकी पाणी शिरण्याची वेळ असते. पुसून निघणारा वरवरचा गंज चालतो. फुगलेला, झिरपणारा किंवा सांध्यावर चेपलेला डबा न उघडता टाकून द्यावा, चाखून पाहू नये. घरी बरण्यांत मांस भरून नेण्याची पद्धत लोकप्रिय आहे, परंतु कमी आंबट पदार्थांतील बोटुलिझमचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानाला मरत नाहीत. त्यासाठी खास बनवलेले दाबयंत्र, 116 ते 121 अंश तापमान आणि पदार्थानुसार ठरलेला वेळ लागतो. हे काटेकोर करता येत नसेल तर बाजारातले डबे घ्यावेत.

फ्रीझरविषयी माझे मत थोडे कठोर आहे. तो चैनीसाठी असावा, आधारासाठी नाही. खारी हवा, सततचे हेलकावे आणि विजेची चणचण यांत तो कधीतरी बंद पडणार हे गृहीत धरून, त्यात काही नसले तरी जेवण पुरेल अशी बेगमी करावी. पहिल्या आठवड्यासाठी शिजवून गोठवलेली जेवणे त्यात ठेवा, कारण पहिले तीन-चार दिवस बोट लागत असताना कोणालाच गॅससमोर उभे राहवत नाही.

हाच न्याय पाण्याच्या यंत्रालाही लागू आहे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी चार लिटर धरले तर दोघांना 35 दिवसांसाठी 280 लिटर लागतात. इतके पाणी यंत्र सुरू न करताही बोटीवर असायला हवे, आणि ते किमान दोन वेगळ्या टाक्यांत. काही पाणी हाताने उचलता येतील अशा कॅनमध्ये ठेवावे. ते काठोकाठ न भरल्यास पाण्यात पडले तरी तरंगतात. खोल, स्वच्छ समुद्रात भात किंवा बटाटे शिजवताना एक भाग समुद्राचे आणि तीन भाग गोडे पाणी घेतले तर मीठही घालावे लागत नाही. बंदरात किंवा नांगरलेल्या जागी हे करू नये.

माल लावताना प्रत्येक मुख्य पदार्थ दोन ठिकाणी विभागावा, एक भाग डाव्या बाजूला आणि एक उजव्या. एका खणात पाणी शिरले तरी सगळा तांदूळ जाणार नाही. खणांचा नकाशा वहीत काढून काढलेला डबा तिथेच खोडत जावे. दर रविवारी, बोट स्थिर असेल तेव्हा, आठवड्याचा शिधा एका पेटीत काढून गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, आणावा, म्हणजे बिछाने उचलून खण उघडण्याची वेळ भर वादळात येत नाही. वादळासाठीची पिशवी वेगळी : बिस्किटे, सुका मेवा, चीज, गोळ्या, एका हाताने खाता येईल असे काहीही. जीवरक्षक तराफ्याच्या पिशवीत प्रथिनयुक्त पदार्थ ठेवू नयेत. प्रथिने पचवायला शरीराला जास्त पाणी लागते.

वाटेतल्या मासेमारीचा हिशेब शिध्यात धरू नका. खोल समुद्रात टूना किंवा माही-माही यांसारखा मासा लागला तर उत्तम, मात्र तो लगेच साफ करून थंड केला पाहिजे, नाहीतर त्यात हिस्टामिन हे विषबाधा करणारे द्रव्य तयार होते आणि ते शिजवून जात नाही. प्रवाळबेटांतला मासा हा त्याहून नाजूक विषय आहे. फ्रेंच पॉलिनेशियात सिगुआतेरा ही विषबाधा चांगलीच परिचित आहे. तिच्या विषाला वास, चव, रंग काहीच नसतो आणि उष्णतेनेही ते नष्ट होत नाही. एकाच बेटाच्या एका बाजूचा मासा खाता येतो आणि दुसऱ्या बाजूचा नाही, म्हणून तिथल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय खडकाळीतला मासा, विशेषतः मोठा शिकारी मासा, खाऊ नये.

मार्केसासच्या बेटांवर फळांची रेलचेल आहे; पपनस, केळी, आंबे आणि विलायती फणस तिथे मिळतील, तेव्हा समुद्र ओलांडतानाच्या ताज्या मालाचा विचार तिथपर्यंतच करावा. तुआमोतूचे तसे नाही. प्रवाळाच्या जमिनीत नारळाखेरीज फारसे काही पिकत नाही, छोटी दुकाने मालवाहू जहाज येऊन गेले की दोन दिवस भरलेली आणि नंतर रिकामी दिसतात. आपला टिकाऊ साठा खऱ्या अर्थाने या टप्प्यासाठी आहे, म्हणून समुद्र ओलांडताना डब्यांना शक्यतो हात लावू नका. तिथे कचरा टाकण्याची सोयही बहुतेक ठिकाणी नाही आणि प्लॅस्टिक समुद्रात टाकण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी सर्वत्र बंदी आहे. जास्तीची वेष्टणे पनामातच काढून टाका आणि माल पुन्हा वापरता येतील अशा डब्यांत भरा.

गालापागोसला पोहोचताच बोटीची जैवसुरक्षा तपासणी होते आणि ताजी फळे, भाज्या, मांस यांतले बरेच जप्त होऊ शकते, तेव्हा पनामाहून तिथपर्यंत पुरेल इतकाच ताजा माल घ्यावा आणि मोठी भाजीखरेदी तिथल्या बाजारात करावी. पुढे कधी न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाकडे वळलात तर तिथले नियम त्याहून कडक आहेत. न्यूझीलंडमध्ये मधाची बाटलीही नेता येत नाही. मार्गावरच्या प्रत्येक देशाची बंदी घातलेल्या पदार्थांची यादी खरेदीआधीच मिळवा, आणि जे जप्त होणार ते कोणत्या आठवड्यात संपवायचे हे त्याच वहीत लिहून ठेवा.